पाण्याला शीग नसते

ग्यानोबा मापाड्याच्या हातावर गावाचा भरवसा होता. खळ्यावर ज्वारीची रास पडली की आधी ग्यानोबाला बोलावणं जायचं आणि मग पोती शिवायला बसायचं. तो यायचा, वहाणा लांब काढायचा, राशीला हात लावून कपाळाला न्यायचा आणि मांडी घालून बसायचा. पितळी शेर राशीत खुपसून वर काढायचा आणि त्यावर दाण्यांचं असं शिखर चढवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, आता ढासळतंय बघ. ते ढासळायचं नाही. मापाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या त्या शिखराला शीग म्हणतात, आणि ग्यानोबासारखी शीग आसपासच्या गावांत कुणाला लागत नव्हती. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन असं मोजत जायचा आणि शेवटी एक मूठ वरून टाकायचा, बरकतीची. "हात आखडला की रास आखडती," असं त्याचं म्हणणं, आणि ते तो दर सुगीला दहादा ऐकवायचा.

सपाट मापही त्याला येत होतं. मापाच्या काठावरून बोट फिरवलं की वरचे दाणे खाली पडतात, उरतं ते सपाट माप. ते कुठं वापरायचं हे ठरलेलं होतं. त्याविषयी तो कधी बोलला नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

मधल्या काळात शेर गेला, किलो आला, लिटर आला. आडतीवर लोखंडी काटे लागले, रॉकेलवाल्याकडं पत्र्याची मापं आली. ग्यानोबानं त्यांना नावं ठेवली नाहीत, पण घरातही घेतलं नाही. त्याचा शेर, अर्ध्या शेराचं मापटं आणि पावशेराचं चिपटं फडक्यात गुंडाळून देवळीत असायचे आणि दर दसऱ्याला चिंचेनं घासून लख्ख व्हायचे.

पण नुसती लख्ख मापं काय कामाची? लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं होतं. रानात ज्वारी हातभर वाढली आणि तशीच वाळून गेली. खळी सारवली गेलीच नाहीत. उस्मानाबादेतून निघून लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते, की आता कलेक्टर जवळ आला, आता काय कमी? कलेक्टर जवळ आला, पाऊस मात्र होता तिथंच राहिला. ग्यानोबाचा लेक व्यंकट त्याच नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या विटा वाहायला लातूरला गेला होता. घरात ग्यानोबा, सून सिंधु आणि दीड वर्षाची नात. नातीचं नाव चांगुणा, तिच्या मेलेल्या आजीचं. त्यामुळं ग्यानोबा तिला अहोजाहो करायचा. "काय चांगुणाबाई, आज भाकर कुस्करून देऊ का दुधात?" असं विचारायचा. दूध दोन महिन्यांपासून गावात नव्हतं, पण विचारायची सवय सुटत नव्हती.

गावात टँकर यायचा आणि पाणी पाटलाच्या विहिरीत सोडायचा. तिथून ते घरटी वाटायचं. वाटपावरून बायांच्या झिंज्या उपटायची पाळी आली तेव्हा पंचायतीनं ग्यानोबाला विहिरीवर बसवलं. त्याच्या हातावर कुणाचा संशय नव्हता. भांडणं थांबली. ग्यानोबाच्या जिवाला मात्र चैन पडेना. घागर काठोकाठ भरली तरी त्याला ती कमी वाटायची. तो आणखी ओतायला जायचा आणि पाणी सांडायचं.

"तात्या, बस की आता," बाया ओरडायच्या, "मातीला पाजून राहिलाव का?"

"पाण्याला शीग लागत न्हाई गं," तो खिन्नपणे म्हणायचा. "जलमभर दिलं ते शिगंनं दिलं. हे काय देणं म्हणायचं?"

बाया हसायच्या. कुणाला कशाचं दुःख, आणि तात्याला शिगेचं. पण त्याचं दुःख खरं होतं. दोन सालं त्याचा हात उपाशी होता.

उन्हाळा चढला तसं विहिरीतलं पाणी गढूळ झालं आणि गावात हगवण आली. आधी म्हाताऱ्यांना, मग लेकरांना. एका सकाळी चांगुणा उठली ती रडतच. दुपारपर्यंत तिची चार दुपटी खराब झाली आणि डोळे आत गेले. सिंधु घाबरून नर्सबाईला बोलावून आली.

नर्सबाई म्हणजे पंचफुला. ती याच गावची. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतल्या सरजाबाईची लेक. लातूरला शिकली, नर्सिंगचा कोर्स केला, आणि फिरून फिरून नोकरी लागली ती गावातल्याच उपकेंद्रावर. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायला शिकलं होतं. ग्यानोबाच्या तोंडात अजून काही बसत नव्हतं. 'पंचफुले' म्हणावं तर ती सरकारी माणूस, आणि 'सिस्टर' म्हणावं तर हिला शेंबडी असल्यापासून बघितलेली. म्हणून तो तिला काहीच म्हणायचा नाही, नुसता खाकरायचा.

ती आली आणि उंबऱ्याबाहेर ओसरीवर टेकली. सिंधुनं पोतं अंथरलं. पाणी कुणी विचारलं नाही. दुष्काळ होता, त्यामुळं न विचारायला निमित्त होतं, आणि ते सगळ्यांनाच सोयीचं होतं. पंचफुलानं लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश खाली बसताना बघितली.

"अंगातलं पाणी चाललंय हिच्या," ती म्हणाली. "औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं. जलसंजीवनीची पाकिटं असती तर आत्ता दिली असती, पण वस्तीवरच दहा लेकरं हायत, काल संपली. लातूरहून यायची हायत. तवर घरीच करायचं. सिंधु, तांब्या आण."

तिनं पिशवीतून पत्र्याचं एक लिटरचं माप काढलं, त्यात पाणी भरलं आणि सिंधुच्या तांब्यात ओतलं. पाणी गळ्यापाशी येऊन थांबलं.

"हा बघ, गळ्यापर्यंत एक लिटर. पाणी उकळायचं, निवू द्यायचं, अन मग इथवर भरायचं. कमी न्हाई."

"लिटर म्हंजे शेरच की," ग्यानोबा आतून म्हणाला.

"न्हाई तात्या. शेराचं सोडा आता. लिटर म्हंजे किती मावतंय ते, किलो म्हंजे किती भार हाय ते."

"ते मला सांगतीस?" ग्यानोबाला हसू आलं. "एकाच मापट्यात ज्वारी भर अन करडी भर. ज्वारी हाताला वढ देती, करडी देत न्हाई. माप तेच, वजन येगळं. हे कळायला लातूरला जावं लागत न्हाई."

पंचफुलाही थोडी हसली. तिनं पिशवीतून छोटा चमचा काढला आणि सिंधुच्या हातात दिला. "साखरेचे आठ चमचे. मिठाचा एक. पण सपाट. ध्यानात ठिवा, सपाट चमचा. वर ढीग न्हाई."

सपाट म्हणताच ग्यानोबाच्या कपाळाला आठी पडली. आजारी लेकराला सपाट मापानं द्यायचं? सरकारचा हातच असा आखडता. टँकर अर्धा, पाकिटं संपलेली, आणि वर मिठाचा चमचासुद्धा सपाट. तो बोलला नाही, पण मनात म्हणाला, साखर काय यांच्या बापाची हाय का?

"अन चाखून बघायचं," पंचफुला उठता उठता म्हणाली. "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं, पाजायचं न्हाई."

"डोळ्यातलं पाणी कोण चाखतंय?" ग्यानोबा म्हणाला.

"बाया चाखतात, मामा," सिंधु म्हणाली. "रोज."

पंचफुला जाताना परत वळली. "सपाट, तात्या," तिनं पुन्हा सांगितलं. सिंधुला नाही, ग्यानोबाला सांगितलं. आणि ती पुढच्या घराकडं गेली.

सिंधुनं पाणी उकळलं, निववलं. लेकरू तिच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हतं, म्हणून तिनं चमचा सासऱ्यापुढं केला. "मामा, तुमीच घाला. तुमच्या हाताला बरकत हाय."

ग्यानोबानं हात धुतले. पाटावर बसला. रेशनच्या साखरेची पुडी उलगडली, मीठ वाटून बारीक केलं. पांढरी साखर, पांढरं मीठ, आणि दोन वर्षांनी त्याच्यापुढं असं काहीतरी होतं ज्याला शीग लागत होती. त्याचा हात आपोआप वळला. चमचा पुडीत खुपसला, वर काढला, आणि त्या एवढ्याशा पत्र्यावर साखरेचं टोक उभं राहिलं. "लाभ," तो म्हणाला. एक कण सांडला नाही. आठ चमचे झाले. मग मीठ. मिठाचा चमचा त्यानं असा भरला की दोन चमच्यांचं मीठ त्यात मावलं असेल. आणि हात राहवेना म्हणून शेवटी एक चिमूट वरून टाकली, बरकतीची.

"सपाट म्हणली होती सिस्टर," सिंधु हळूच म्हणाली.

"सपाट माप कुणाला देत्यात मला म्हाईत हाय," ग्यानोबा म्हणाला. "माझ्या चांगुणाबाईला मी सपाट देणार न्हाई."

 चाखून कुणी बघितलं नाही. लेकराचं औषध उष्टं कसं करायचं?

चांगुणा प्यायली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, पण तहानच एवढी होती की पुन्हा आ वासला. वाटीमागून वाटी प्यायली. दिवेलागणीला दुसरा तांब्या झाला. ग्यानोबाच्या जिवाला बरं वाटलं. "पिऊन राहिली म्हंजे लागू पडून राहिलंय," तो सिंधुला म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हगवणही कमी झाली. सिंधुनं देवाला हात जोडले.

पण लेकराची तहान कमी होईना. जेवढं पाजावं तेवढी ती आणखी मागायची. वाटी दूर नेली की किंचाळायची, जवळ आणली की दोन्ही हातांनी धरून गटागटा प्यायची, आणि पुन्हा तहानलेली. दुपारी अंग तापलं. तिची जीभ कोरडी पडली, ओठ सालपटले, आणि हातपाय मधूनच झटका दिल्यासारखे उडायला लागले. ती रडत होती, पण नुसता आवाज होता. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मामा, हिच्या डोळ्यातनं पाणी का न्हाई येत?" सिंधुनं विचारलं. 

"आणखी पाज," ग्यानोबा म्हणाला. "आणखी पाजायला पाहिजे."

तो स्वतःच पाजायला बसला. सिंधु व्यंकटला निरोप धाडायला शेजारी गेली होती. घरात तो आणि नात, दोघंच. त्यानं तिला मांडीवर घेतलं. तिची आजी अशीच गेली होती, याच घरात, पटकीनं, पाणी पाणी करत. तेव्हा वैद्यानं पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ग्यानोबानं दिलं नव्हतं. एवढा मोठा मापाडी, आणि मरणाऱ्या बायकोला घोटभर पाणी द्यायला त्याचा हात पुढं झाला नव्हता. हे त्याला आठवलं आणि तो रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाला रडू आलं की ते थांबवायची अक्कल राहत नाही. पाणी गालावरून मिशीत आणि मिशीतून ओठावर आलं.

त्यानं चमच्यानं पाजायला घेतलं तेवढ्यात चांगुणाचा हात उडाला आणि चमचा त्याच्या बोटांवर सांडला. दुष्काळात थेंब वाया घालवायची कुणाला सवय नव्हती. त्यानं बोटं चाटली.

बोटं तोंडातच राहिली.

ओठावर त्याच्या डोळ्यांचं पाणी होतं आणि जिभेवर तांब्यातलं. डोळ्यांचं पाणी त्यापुढं गोडं वाटत होतं. साखर कुठं गेली होती कोण जाणे, तोंडात नुसतं मीठ होतं. त्यानं पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं.  असलं पाणी तो कालपासून लेकराला पाजत होता, वाटीमागून वाटी, आणि लेकराची तहान का जात नाही म्हणून आणखी पाजत होता.

सिंधु आत आली तेव्हा ग्यानोबा दारात उभा होता आणि तांब्यातलं पाणी अंगणात ओतत होता. भर दुष्काळात, उकळून निवलेलं पाणी.

"मामा, काय करून राहिलाव?" ती धावली.

"चाख," तो म्हणाला आणि तांब्याच्या तळातला घोट तिच्यापुढं धरला. तिनं चाखला. तिनं त्याच्याकडं जसं बघितलं तसं त्याच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मग तिनं लेकरू उचललं आणि ती पुढं, तो मागं, दोघं अनवाणी गावाबाहेर निघाले.

बौद्ध वस्ती ग्यानोबानं लांबून रोज बघितलेली होती. आत पाय टाकायची पाळी आली नव्हती. पंचफुलाच्या दारात लेकरं घेऊन बाया बसल्या होत्या, त्यांनी वाट दिली. सरजाबाई दारातच तांदूळ निवडत होती. तिनं ग्यानोबाला ओळखलं आणि सूप बाजूला घेतलं.

पंचफुलानं लेकराला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला.

"मीठ कसं घातलं?" तिनं विचारलं.

सिंधु सासऱ्याकडं बघायला लागली. ग्यानोबाच्या मुठीत चमचा तसाच राहिला होता. शेजारी सरजाबाईचं सूप होतं. त्यानं चमचा त्यातल्या तांदळात खुपसला आणि वर काढला. आत्तासुद्धा शीग बरोबर लागली.

पंचफुलानं त्या चमच्याकडं बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पिशवीत सामान कोंबलं आणि म्हणाली, "चला. रेणापूरच्या दवाखान्यात न्हाई, थेट लातूरला."

जीप मिळाली. जीपवाल्यानं आधी सीट भरायच्या म्हणून काचकूच केली, पण पंचफुलानं त्याला असं झापलं की त्यानं निमूट गाडी काढली. वाटेत चांगुणाचे डोळे फिरले आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. सिंधु ओरडली. पंचफुलानं लेकरू कुशीवर घेतलं, तोंडातला फेस पुसला, आणि "श्वास हाय, श्वास हाय" असं म्हणत राहिली. ग्यानोबा मागच्या फळीवर बसला होता. आयुष्यात त्यानं काही मागितलं नव्हतं देवाकडं, कारण मागणाऱ्याचा हात खाली असतो. आता तो मागत होता. माझी सगळी मापं घे, माझं नाव घे, हात घे, पण हिला ठेव.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पंचफुलानं सांगितलं. तिनं 'चूक झाली' एवढंच सांगितलं, कुणाची ते सांगितलं नाही. लेकराच्या डोक्याची शीर शोधून सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू द्यावं लागेल, घाई केली तर मेंदूला धोका. थेंब थेंब. ग्यानोबा खाटेपाशी उभा राहून ते थेंब बघत राहिला. एकेक थेंब सुटत होता, सगळे सारखे. कुणी कितीही मायेचा असला तरी त्या नळीतून जास्त पडत नव्हतं. सिंधु सासऱ्याशी बोलत नव्हती. व्यंकट विटांची धूळ अंगावर घेऊनच धावत आला. त्याला सिंधुनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो बापाजवळ न येता खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसला. पंचफुला पुढच्या जीपनं गावी परतली, वस्तीवर लेकरं होती.

दोन रात्री अशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या सिस्टरनं सुई बदलायला घेतली आणि चांगुणा कळवळून रडली. सिंधु एकदम ओरडली. व्यंकट दचकून उठला. लेकराच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खरं, भरभरून, गालावर ओघळणारं पाणी. सिंधुनं ते पुसलं नाही. तिनं ते तसंच वाहू दिलं आणि स्वतः रडत राहिली. ग्यानोबा व्हरांड्यात गेला आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

लेकरू घरी आलं. अंगात नुसती काडी उरली होती, पण हसायला लागलं होतं. पाकिटं अजून आली नव्हती, आणि पोट पुरतं थांबलं नव्हतं. पंचफुला सकाळीच आली आणि नेहमीसारखी ओसरीवर टेकली. सिंधुनं घरातून उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला, मग परत आत गेली आणि पाण्याचा पेला आणला. "घ्या, ताई," ती म्हणाली. पंचफुलानं पेल्याकडं बघितलं, मग सिंधुकडं, आणि पाणी प्यायली.

ग्यानोबा दाराशी उभा होता. इतके दिवस त्याच्या मनात जे साठलं होतं ते अखेर बाहेर पडलं, आणि बाहेर पडताना ते तक्रारीसारखंच पडलं.

"तू दोनदा सांगितलंस, सपाट म्हणून," तो म्हणाला. "मला म्हाताऱ्याला तेवढ्यानं कळतं का? हाताला धरून का न्हाई दाखवलंस? शिकवायचं होतंस की."

पंचफुलानं पेला खाली ठेवला.

"तुमाला शिकवायचं?" ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तात्या, सुगी सरली की आप्पासाहेब मालकाच्या खळ्यावर माझी माय मजुरीला पदर पसरून उभी राहायची. मी तिच्या लुगड्याला धरून. मालकाची पोती तुमी शिगंनं भरायचाव. आमची पाळी आली की मापावरनं असं बोट फिरवायचाव." तिनं हवेत बोट फिरवलं. "एक दाणा वर राहायचा न्हाई. दरसाल बघितलंय मी. मला वाटलं, गावात सपाट माप कुणाला येत असंल तर ते ग्यानोबातात्याला. म्हणून सिंधुला सोडून तुमाला सांगितलं."

 आत चांगुणा आपल्याशीच काहीतरी बडबडत होती.

ग्यानोबाला सगळं आठवत होतं. विसरला नव्हताच तो. मालक म्हणायचा तसं मापायचं, मापाड्याचं काय जातंय, असं तो स्वतःला सांगत आला होता. पसरलेला पदर त्याला आठवला, पदरातल्या त्या सपाट शेराचा हलका आवाज आठवला, आणि पदर धरून उभी असलेली, त्याच्या बोटाकडं टक लावून बघणारी पोरगी आठवली. तेव्हा ती काय बघतेय हे त्याला कळलं नव्हतं.

पंचफुलानं साखरेची आणि मिठाची पुडी उलगडून पाटावर ठेवली. सिंधु चमचा घ्यायला पुढं झाली, पण पंचफुलानं तो ग्यानोबापुढं धरला.

"घाला," ती म्हणाली.

तो बसला. साखर झाली, प्रत्येक चमच्यावरून बोट फिरवून. मग त्यानं चमचा मिठात खुपसला. वर काढला तेव्हा सवयीनं शीग उभी होती. त्यानं त्या टोकाकडं बघितलं आणि काठावरून बोट फिरवलं. मीठ परत पुडीत पडलं. बोट तेच होतं.

"एक," तो म्हणाला. 

"तात्या," पंचफुला म्हणाली, "आमच्या मापाला तुमी 'एक'च म्हणायचाव. हे लेकराचं हाय. लाभ म्हणा."

 ग्यानोबा चमच्यातल्या सपाट मिठाकडं बघत राहिला. सिंधुनं तांब्या पुढं केला आणि त्यानं चमचा त्यात रिकामा केला. मग पंचफुलानंच वाटीत घोटभर ओतलं आणि चाखायला त्याच्या हातात दिलं.